फास्ट न्यूट्रॉनसाठी साखळी उपोषण

आपण येत्या एक जानेवारीपासून उपोषणाला बसणार आहोत, हे प्रा. योगिनी खर्चे यांना तहसील कार्यालयाच्या पत्रातून कळलं.

पत्र आलं तेव्हा त्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत बी.एस्सी.च्या जर्नलांवर सह्या करत होत्या. पत्र त्यांनी एकदा वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता.

‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपण न्यूट्रॉनच्या मागणीसाठी श्री. सिलिकॉन संवेदक व इतर यांचेसह या कार्यालयाच्या आवारात तीस दिवस उपोषणास बसणार असल्याचे नमूद केले आहे. सदर मागणी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने ती तालुका कृषी अधिकारी यांचेकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आली आहे. सबब आपण उपोषणापासून परावृत्त व्हावे. तसेच अर्जात नमूद उच्च ठरावाची प्रत जोडलेली नसल्याने ती सादर करावी.’

खाली प्रतिलिपी ठाणेदारांना, ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना आणि प्राचार्यांना. म्हणजे बाईंना कळायच्या आधी गावाला कळलं होतं.

“पंजाबराव!”

पंजाबराव हे प्रयोगशाळा परिचर. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चार विभागप्रमुख पाहिले होते आणि एकाचीही हाक ऐकून ते धावले नव्हते. ते सावकाश आले.

“तहसीलचा अर्ज तुम्ही मराठीत केला होता ना?”

“हाव. तुमीच म्हटलं होतं, थे इंग्रजी घेत नाईत, मराठीत करून आना.”

“काय लिहिलंत त्यात?”

“म्या काऊन लिहू? मोबाईलनं लिहलं. तुमचं इंग्रजी वरतून टाकलं, खालतून मराठी निंगालं. दोन मिन्टांत.” पंजाबरावांनी क्षणभर थांबून मुद्द्याचं सांगितलं. “सही तुमची हाय, मॅडम.”

सही बाईंचीच होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी चाळीस गुणपत्रिकांच्या मध्ये सरकवलेला कागद होता तो. कार्यालयीन प्रत त्यांनी फायलीतून काढली. विषय असा होता: ‘उच्च ठराव सिलिकॉन संवेदकांसह उपोषण न्यूट्रॉन शोधणे, तीस दिवस, आपल्या आवारात.’

मूळ इंग्रजीत ‘फास्ट न्यूट्रॉन’ होतं. फास्ट म्हणजे वेगवान. पण फास्ट म्हणजे उपासही, आणि मोबाईलने दोन्हींतला उपास निवडला होता. ‘हाय रेझोल्यूशन’ म्हणजे बारीकसारीक टिपणारा. मोबाईलला रेझोल्यूशन म्हटल्यावर ग्रामसभेचा ठराव आठवला. यंत्राला आपण निर्बुद्ध म्हणतो, पण परिसराचा अभ्यास त्याचा बरा होता. बुलढाणा जिल्ह्यात डिसेंबर महिन्यात तहसीलच्या आवारात जागा मागणारा माणूस सव्वीस जानेवारी गाठून उपोषणालाच बसतो. दुसऱ्या कशाला बसल्याचं ऐकिवात नाही. तालुक्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांना तो आपलाच वाटेल.

बाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण हातात दिवस नव्हते.

पीएच.डी.ला त्यांनी नाव नोंदवलं त्याला नऊ वर्षं झाली होती. तीन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या, तिसरी फेब्रुवारीअखेर संपत होती, आणि चौथी विद्यापीठ कोणालाच देत नव्हतं. पाच प्रकरणं लिहून तयार होती. सहाव्यासाठी मोजमाप हवं होतं, आणि त्यासाठी मुंबईच्या एका संशोधन संस्थेने नखाएवढी सिलिकॉनची चिप उसनी दिली होती. त्या नखात पासष्ट हजारांवर चौकोन, आणि प्रत्येक चौकोन आपल्यापुरतं स्वतंत्र टिपणारा. पाच फेब्रुवारीला चिप परत. मार्गदर्शकांनी बजावलं होतं: तीस दिवस सलग, एक मिनिटही खंड नाही, झाकण उघडायचं नाही. खंड पडला तर प्रकरण नाही. प्रकरण नाही तर नऊ वर्षं नाहीत.

जागा तहसीलचीच हवी होती. वरच्या स्लॅबने न्यूट्रॉन अडतात, म्हणून डोक्यावर मोकळं आभाळ पाहिजे. हवेचा दाब वाढला की ते घटतात, म्हणून शेजारी दाबाची नोंद पाहिजे. आणि तालुक्याचं हवामान केंद्र तहसीलच्या आवारातच उभं होतं. कॉलेजच्या गच्चीवर मोबाईल कंपनीचा टॉवर होता, आणि त्या टॉवरच्या भाड्यावरून संस्थेत दोन गट होते. तिथे चिपची पेटी ठेवली असती तर ती पहिल्याच दिवशी कुठल्या तरी गटाची झाली असती.

दुसऱ्या दिवशी बाई तहसीलमध्ये गेल्या. अव्वल कारकून दीपक सपकाळ यांच्या टेबलावर फायली होत्या आणि फायलींवर सपकाळांचे कोपर.

“सपकाळ भाऊ, मी उपोषणाला बसत नाहीये.”

“लय चांगलं झालं,” सपकाळ म्हणाले. “मंग मागं घेतल्याचा अर्ज द्या.”

“देते. आणि त्याबरोबर पेटी ठेवायच्या परवानगीचा नवा अर्ज देते. एवढीशी पेटी आहे. हवामान केंद्राशेजारी तीस दिवस ठेवायची.”

“पेटीत काय हाय?”

“चिप. ती न्यूट्रॉन मोजते.”

“म्हंजे अणूतलं?”

“हो, पण आपल्याकडून काही बाहेर पडत नाही. वरून जे येतात तेच मोजायचे. ते तसेही येतातच. आत्ता तुमच्या डोक्यातून जात आहेत.”

सपकाळांनी डोक्यावरून हात फिरवला. मग पेन खाली ठेवलं. सरकारी कार्यालयात माणसाने पेन खाली ठेवलं की तो खरं बोलणार असतो.

“मॅडम, तुमी माह्या पोरीले शिकवलं हाय म्हनून सांगतो. अणू म्हटला का फाईल कलेक्टर साहेबांकडं जाईन. तिथून मुंबई. तिथून इचारतीन का तालुक्यात अणू आला कुठून. मंग ते आमालेच इचारतीन. सहा महिने पकडा.”

“मला सहा महिने नाहीत.”

“आनं उपोषनाले परवानगी लागतच नाई. निस्ती सूचना लागते. ते तुमी देली हाय.” त्यांनी बाईंचाच अर्ज बाईंना बोट लावून दाखवला. “मंडप टाकाले जागा भेटते. पोलीस भेटते. डॉक्टर रोज येऊन बी.पी. पाहते. मंडपात खाट ठेवा, टेबल ठेवा, टेबलाखाली पेटी ठेवा. कोन इचारते?”

“म्हणजे विज्ञानाला जागा नाही, आणि उपाशी राहिलं तर आहे?”

“मी निवांत सांगून राह्यलो, अन् तुमी भाषन देऊन राह्यल्या.”

“तीस दिवस उपाशी राहिले तर मी मरेन, सपकाळ भाऊ.”

“आमरन काऊन करता? साखळी करा न. रोज येक जन. आमच्या इथं साखळीनं चारशे दिवस बसलेले लोक हायेत. येकाचंबी वजन कमी झालं नाई.”

बाई जिना उतरून आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गेल्या नऊ वर्षांत संशोधनाबाबत इतका नेमका सल्ला त्यांना कोणी दिला नव्हता. त्यामुळे त्यांचा संताप अधिकच वाढला.

एक जानेवारीला हवामान केंद्राच्या कुंपणाला लागून मंडप पडला. पेंटरने फलकावर ‘फास्ट न्यूट्रॉन मोजणीसाठी साखळी उपोषण’ असं लिहिलं आणि खाली आपल्या मनाने ‘हम सब एक है’ जोडलं. टेबलाखाली काळी पेटी, पेटीतून निघालेली वायर लॅपटॉपला, आणि दोन बॅटऱ्या, ज्या पंजाबराव आळीपाळीने चार्ज करून आणत. सकाळी साडेअकराला बाईंनी मोजणी सुरू केली.

साखळीत तिघं होती. पहिल्या बाई स्वतः. दुसरे पंजाबराव, ज्यांचा अर्जात वाटा होता आणि जे रात्री मंडपातच झोपत. तिसऱ्या सोजराबाई, तहसीलच्या फाटकाशी भाजी विकणाऱ्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

“मी तशीबी हितंच बसून रायते,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईक असलं का दुपारी जेवाले भेटतच नाई. मंग तुमच्या सावलीत उपाशी राहीन. आनं माह्या गावच्या रस्त्याचं तेवढं तुमच्या बोर्डावर टाका.”

बोर्डावर जागा नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी खडूने टाकलं.

बंदोबस्ताला गोविंदा हवालदार होते. त्यांनी आल्याआल्या वही काढली.

“उपोषनकर्ते तीन. बराबर. आनं हे सिलिकॉन संवेदक कुठं गेले? कागदात नाव हाय त्यायचं.”

“ते पेटीत आहेत,” बाई म्हणाल्या.

हवालदारांनी वहीतून मान वर केली.

बाईंनी डोळे मिटले, दहा आकडे मोजले, आणि एफ.वाय.च्या पोरांना सांगतात तसं सांगितलं. “हवालदार साहेब, वर आभाळात किरण आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात आणि खाली येतात. त्याला विद्युतभार नाही. ना धन, ना ऋण. आपल्याकडे कुठल्याच गटात नसलेल्या माणसाची कुठे नोंद होते का?”

“नाई होत.”

“तसंच. चिपमधून गेला तरी तिला पत्ता लागत नाही. म्हणून अर्ध्या चिपवर प्लास्टिकचा तुकडा लावलाय. त्यात हायड्रोजन असतो. कॅरमची सोंगटी सोंगटीला बरोबर समोरून लागली की काय होतं?”

“लागनारी थांबते, दुसरी सुटते.”

“झालं. न्यूट्रॉन हायड्रोजनच्या गाभ्याला लागतो, तो गाभा सुटतो. त्याला भार असतो. तो चिपमध्ये घुसला की ठिपका उमटतो. जाडजूड. उघड्या अर्ध्यावर असे ठिपके कमी, प्लास्टिकखाली जास्त. जितके जास्त, तितके न्यूट्रॉन आपले.”

“रोजचे किती भेटते?”

“दोन.”

“दोन हजार?”

“दोन.”

हवालदारांनी वहीत दोन लिहिलं, आणि बाईंकडे पाहून, बहुधा वयाचा मान ठेवून, पुढे काही विचारलं नाही.

तालुका कृषी अधिकाऱ्यांचं उत्तर सहाव्या दिवशी आलं. ‘तालुक्यातील कृषी सेवा केंद्रांची तपासणी केली असता न्यूट्रॉन खताचा पुरेसा साठा उपलब्ध असल्याचे आढळून आले आहे. कृत्रिम टंचाई निर्माण करणाऱ्यांची गय केली जाणार नाही.’ बाईंनी ते पत्र घडी घालून डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. शासनाची मदत एवढीच झाली, पण टेबल स्थिर राहिलं.

दहाव्या दिवशी प्लास्टिकखालचे ठिपके एकवीस झाले. तोवर आवाराला सवय लागली होती. सात-बारा काढायला आलेली माणसं जाताजाता मंडपाशी थांबत आणि पंजाबरावांना विचारत, “आज किती?”

“तीन.”

“काल दोन होते म्हन्त होते.”

“वातावरनावर हाय ते. दाब कमी झाला का येते जास्त.”

पंजाबराव आता दाबावर बोलत होते. एकतीस वर्षं बॅरोमीटरची नुसती धूळ पुसणाऱ्या माणसाचं हे बोलणं ऐकून बाईंना एरवी भरून आलं असतं. पण त्या दिवशी उपासाची पाळी त्यांची होती, समोरच्या गाडीवर मिरचीभजी तळली जात होती, आणि गाडीवाला प्रत्येक घाण्यागणिक मंडपाकडे बघून सहानुभूतीने मान हलवत होता. शिवाय कॉलेजमध्ये प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की आंदोलनाला संस्थेचा पाठिंबा नाही, विरोधही नाही, आणि यश आलं तर सत्कार ठेवता येईल.

सव्वीस जानेवारीला आवारात एकूण आठ मंडप झाले. सातजण एका दिवसासाठी आले होते. झेंडावंदनाला आमदार येतात, त्यांच्या गाडीपुढे निवेदन द्यायचं आणि संध्याकाळी उठायचं. त्यांतला मोठा मंडप अर्जुनराव यांचा. अर्जुनराव हे तालुक्यातले होतकरू नेते. गेली अठरा वर्षं ते होतकरूच होते, त्यामुळे त्यांना या कामाचा अनुभव दांडगा होता. त्यांच्या मंडपात कूलर होता, जानेवारीत. पण वार्ताहरांनी फोटो काढला तो सव्वीस दिवस चाललेल्या मंडपाचा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काळ्या पेटीशेजारी सोजराबाई मेथीची जुडी घेऊन बसलेल्या दिसल्या. अर्जुनरावांचं नाव शेवटच्या ओळीत ‘इत्यादी’मध्ये आलं.

त्याच सकाळी, सत्ताविसाव्या दिवशी, अर्जुनराव पंधरावीस माणसं घेऊन मंडपात आले. मोजणी तेव्हा चोपन्नवर होती.

“नमस्कार ताई. येकच इचारतो,” अर्जुनराव नम्रपणे म्हणाले. नम्रपणा त्यांना मागे माणसं असली की येई. “सत्तावीस दिवस झाले, कोनाचंच वजन घटलं नाई. चेहऱ्यावर तेज हाय. लोकं म्हनतेत पेटीत डबा हाय.”

“कसला डबा?”

“जेवनाचा. पेटी गरम लागते असंबी कोनी म्हने.”

“ती गरम लागते कारण आत इलेक्ट्रॉनिक्स आहे! आणि साखळी उपोषणात वजन घटत नाही, दादा. रोज वेगळा माणूस उपाशी असतो, बाकीचे घरी जेवतात. तुम्ही अठरा वर्षं बसताय, तुमचं घटलं का?”

मागची माणसं हसली. तिथेच चुकलं. हसू झालं की होतकरू माणसाला माघार घेता येत नाही.

“मंग खोला न पेटी. दूध का दूध, पानी का पानी.”

“उघडता येत नाही. उजेड आत गेला की सगळं गेलं. झाकण हललं तर प्लास्टिक हलेल. चार दिवस राहिलेत.”

“पाहा!” अर्जुनराव माणसांकडे वळले. “खोलता येत नाई म्हनतेत.”

दुपारपर्यंत ठाणेदारांच्या तोंडी आदेशावरून गोविंदा हवालदार मंडपात आले आणि पेटीकडे न बघता म्हणाले, “मॅडम, साहेबानं तपासून अहवाल द्या म्हटलं. मी आपला झाकन जरासं वर करतो, आत पाहतो, बंद करतो. येक सेकंद.”

“एक सेकंद चालणार नाही.”

“मी डोळा मिटून हात घालून पाहतो.”

“हवालदार साहेब!”

“मंग मी काय लिहू?”

बाई खुर्चीतून उठल्या. नऊ वर्षं त्यांनी विद्यापीठाशी, संस्थेशी, मार्गदर्शकांशी आणि घरच्यांशी प्रमाण मराठीत सभ्यपणे भांडण केलं होतं. त्या दिवशी मोताळ्याकडच्या माहेरची भाषा आपोआप वर आली.

“काऊन खोलू मी पेटी? सांग ना, काऊन खोलू? तुमाले डबा पाह्याचा हाय? माह्या पोटात पाहा! डॉक्टरले बलवा, रक्त घ्या, लघवी तपासा, रोज तपासा. आजपासून साखळी बंद. मी येकटी बसते, येकतीस तारखेच्या साडेअकरापर्यंत. पान्याशिवाय काई नाई. मानूस उपाशी हाय का नाई हे रक्त सांगते, पेटी नाई सांगत. आनं या चार दिवसांत पेटीले कोनी बोट जरी लावलं न बे, तर मी आमरन करीन आनं चिठ्ठीत सगळ्यायचे नावं लिहीन. बारीक अक्षरात.”

हवालदारांनी वहीत लिहिलं: ‘पेटीऐवजी मॅडम तपासण्यात येतील.’

अर्जुनरावांना हरकत घेता येईना. उपाशी माणसावर हरकत घ्यायची तर स्वतः उपाशी राहावं लागतं, आणि त्यांना मलकापूरला लग्नं गाठायची होती.

अशा रीतीने, ज्या बाईंना उपोषण करायचं नव्हतं आणि ज्यांनी उपोषणाचा अर्जही केला नव्हता, त्या खऱ्याखुऱ्या उपाशी बसल्या.

पहिला दिवस रागावर निघाला. दुसऱ्या दिवशी राग पुरेना. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर सकाळी आले, लघवीत पट्टी बुडवून बघितली, रंग बघितला आणि बाहेर उभ्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, “उपाशी आहेत.” बाहेरून कोणीतरी हळहळलं, कोणाचा तरी बहुतेक पैजेत अंदाज चुकला. बाईंचं डोकं ठणकत होतं. सोजराबाई दर तासाला येऊन पाणी पाजत आणि भाजीची टोपली मुद्दाम लांब नेऊन ठेवत. पंजाबराव टेबलापाशी पहाऱ्याला बसले होते, हातात मीटरपट्टी घेऊन. लॅपटॉपवर दिवसभरात दोन ठिपके आले. माणूस एवढा उपाशी आणि न्यूट्रॉन एवढे कंजूष, हा हिशेब बाईंना पहिल्यांदाच अंगाला लागला.

चौथ्या दिवशी, म्हणजे तीसला दुपारी, सपकाळ आले. मागे शिपाई, शिपायाच्या हातात ताट, ताटात पेला, पेल्यात मोसंबीचा रस. वरून रुमाल.

“अभिनंदन मॅडम,” सपकाळ म्हणाले. “मागनी मान्य झाली.”

“कोणती?”

सपकाळांनी कागद वाचला. “‘तालुक्यास न्यूट्रॉनचा सुरळीत पुरवठा करणेबाबत शासन सकारात्मक असून’... लेखी हाय, मॅडम. तीन कार्यालयांच्या सह्या हायेत. तुमी खरंच उपाशी बसल्या म्हटल्यावर तहसीलदार साहेब घाबरले न. घ्या, रस घ्या. संध्याकाळपर्यंत मंडप काढाचा हाय.”

बाईंनी पेल्याकडे पाहिलं. रुमाल बाजूला झाला होता आणि पेल्याच्या कडेला रसाचा पिवळा फेस होता. तीस दिवसांत एवढं स्पष्ट त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. कोणत्याही सिलिकॉनला ते जमलं नसतं. वास आला. तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही, आणि दोन्हींचा त्यांना सारखाच राग आला.

मागणी मान्य म्हणजे उपोषण संपलं. उपोषण संपलं म्हणजे मंडप गेला. मंडप गेला म्हणजे पेटी उचलली, आणि पेटी उचलली म्हणजे एकोणतीस दिवसांचा ढीग मातीत.

“उद्या साडेअकराला आणा,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला. “उद्या घेते. वचन देते.”

“उद्या साहेब बुलढाण्याले जिल्हा नियोजनच्या मीटिंगला हायेत. आजच होते.”

“मग मी मान्य करत नाही.”

“काय मान्य करत नाई? मागनी मान्य झाली हाय!”

“पुरवठा सुरू करा, मग उठते.”

“मॅडम!” सपकाळांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “न्यूट्रॉन मी कुठून आनू?”

“आश्वासन देताना नव्हता का हा प्रश्न पडला? लेखी नको, अंमलबजावणी पाहिजे. लिहून घ्या. उपोषणकर्त्यांनी आश्वासन फेटाळलं.”

सपकाळ मंडपाच्या कोपऱ्यात येऊन हळू म्हणाले, “खरंच फक्त उद्या साडेअकरापर्यंत?”

“खरंच.”

“मी साहेबाले सांगतो का वाटाघाटी चालू हायेत.” त्यांनी ताट शिपायाकडून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि रस स्वतः पिऊन टाकला. “परत नेला तर लोक इचारतीन,” ते म्हणाले.

त्यांच्या घशाखाली जाणारा प्रत्येक घोट बाईंनी पाहिला. माफ केलं नाही.

एकतीस तारखेला सकाळी अकरापासून मंडपाभोवती गर्दी जमली. साडेअकरा वाजले. लॅपटॉपवर मोजणी आपोआप थांबली. प्लास्टिकखाली एकसष्ट. उघड्या बाजूला सतरा.

“किती झाले?” पंजाबरावांनी विचारलं.

“चव्वेचाळीस जास्त. चुकून इतके जास्त येत नाहीत.” बाईंनी टेबलाला धरलं. “आपले आहेत ते. खरे आहेत.”

“चव्वेचाळीस!” पंजाबराव गर्दीला ओरडून म्हणाले. गर्दीतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी शेजाऱ्याला विचारलं, कशाचे.

सोजराबाई ताकात कालवलेल्या ज्वारीच्या कण्या घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी पातळच द्या म्हणून सांगितलं होतं. “घ्या वो बाई, चक्कर येऊन पडसान.”

“आधी हे.” बाईंनी पेनड्राइव्ह लावला. फाईल जाऊ लागली. पंधरा टक्के. बावीस. वाडगा त्यांच्या हनुवटीपाशी, कण्यांची वाफ चष्म्यावर. चाळीस. मग दुसरा पेनड्राइव्ह, कारण पहिल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सोजराबाई पुटपुटत होत्या, सिलिकॉनच्या आईमाईचा उद्धार करत होत्या, पण वाडगा हलला नाही.

“खोला आता,” अर्जुनराव पुढे येऊन म्हणाले. लग्नं उरकून ते रातोरात परतले होते. “आता तं खोला.”

“खोला,” बाई म्हणाल्या. “आता काय वाट्टेल ते करा. हळू खोला, पाच तारखेला परत द्यायची आहे.”

गोविंदा हवालदारांनी चार स्क्रू काढले, झाकण वर केलं. आत हिरवी पाटी, दोन वायरी, आणि मध्यभागी नखाएवढा काळसर तुकडा, त्याच्या अर्ध्या अंगावर दुधी प्लास्टिक. माणसं पुढे झुकली, बघून मागे झाली. अर्जुनरावांनी मोबाईलचा टॉर्च लावला.

दुसरा पेनड्राइव्ह भरला. बाईंनी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला, चेन ओढली, चेन ओढली गेली का ते पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी वाडगा घेतला. कण्या आळणी होत्या. सोजराबाई मीठ विसरल्या होत्या, आणि हे त्यांना सांगायचं भान बाईंना तिसऱ्या घासानंतर आलं.

अर्जुनराव अजून पेटीत डोकं घालून, पाटीखाली काही आहे का ते बघत होते.